ओल्या बारदानाची नोंद

ती मेल लिहायला प्रेमानंद पाईकरावांना चार मिनिटंसुद्धा लागली नव्हती. पुण्यातल्या कंपनीत जेवणाची सुट्टी व्हायची होती, समोर दुसऱ्याच कामाची फाईल उघडी होती, आणि हिंगोली जिल्ह्यातल्या साखऱ्याच्या माळावरून तक्रार आली होती की चाचणीसाठी बसवलेल्या खोक्यावरचा आकडा दुपारी खाली येतो. प्रेमानंदांनी लिहिलं, खोका प्रयोगशाळेत उणे दहापासून साठ अंशांपर्यंत तपासलेला आहे, त्यात दोष नाही. केंद्रावरच्या बाईंना उन्हाच्या तिरिपीमुळे आकडा नीट दिसत नसावा. प्रशिक्षित माणूस नेमावा. खाली नाव आणि हुद्दा. मेल गेली, आणि त्यांनी डबा उघडला.

खोका त्यांनीच घडवलेला होता. एका टॉवरवरून दुसऱ्या टॉवरवर मायक्रोवेव्ह लहरींनी संदेश जातात. त्या लहरींत किती ताकद आहे हे सतत मोजणारं ते यंत्र. कंपनीत त्याला डिटेक्टर म्हणत. त्याच्या पोटात ज्वारीच्या दाण्याहून लहान असा एक डायोड असतो. लहरींचा बारीकसा वाटा त्याच्यावर पडला की त्याचं व्होल्टेज होतं, आणि त्यावरून आकडा निघतो. पण डायोडला गरमी बाधते. ताकद तेवढीच असली तरी तो तापला की कमी सांगतो. म्हणून प्रेमानंदांनी त्याच तुकडीतला दुसरा डायोड जोडीला घेतला होता. त्याच्यावर लहरी पडत नाहीत, त्याला कळते ती फक्त गरमी. त्याची चाल पहिल्याच्या चालीतून वजा केली की चूक निघून जाते. फ्रिक्वेन्सीच्या खालच्या पट्ट्यापासून पार अठरा गिगाहर्ट्झपर्यंत एकाच खोक्यानं मोजायचं, आणि थंडीत, उन्हाळ्यात सारखंच मोजायचं, यासाठी ते दोन वर्षं खपले होते. कंपनीत त्यांचं नाव त्या खोक्यामुळेच झालं.

एक गोष्ट मात्र त्यांना तेव्हाही दिसली होती. तपासणीच्या चेंबरमध्ये खोका तापत असताना पहिली वीस मिनिटं आकडा हलायचा. सगळा खोका सारखा तापला की जाग्यावर यायचा. अहवाल करताना त्यांनी त्या वीस मिनिटांच्या ओळी काढल्या आणि टीप टाकली, की स्थिर होण्याआधीच्या नोंदी वगळल्या आहेत. असं सगळेच करतात. पण ओळी पुसताना आपला हात थोडा अडला होता, हे त्यांना पुढं फार वेळा आठवलं.

मेलनंतर पंधरा दिवसांत साखऱ्याच्या केंद्रावर दुसरा माणूस आला. त्यानं पाठवलेले आकडे सरळसोट होते, चाचणी पार पडली. पुढच्या मार्चमध्ये जिल्ह्यातल्या सात टॉवरांवर पक्के खोके बसले. आता आकडा कमी दिसला तर यंत्र आपणहून ताकद वाढवणार होतं. एप्रिल संपता संपता, एकाच आठवड्यात, तीन टॉवरांवरचे ट्रान्समीटर जळाले. तिन्ही दुपारी तीननंतर.

विभागप्रमुखांनी प्रेमानंदांना बोलावून घेतलं आणि म्हणाले, तुमचाच जिल्हा आहे, तुम्हीच जाऊन या.

प्रेमानंद मूळचे पुसेगावचे. आई सोजराबाई आणि धाकटा भाऊ नरसिंग अजून तिथंच राहत होते. पहाटे हिंगोलीला उतरून ते घरी गेले, अंघोळ केली आणि नरसिंगची मोटारसायकल घेऊन साखऱ्याच्या माळावर पोचले. कुंपणाच्या आत टॉवर, पत्र्याची एक खोली, आणि टॉवरच्या पायाशी लोखंडी खांबावर त्यांचा खोका. नवा माणूस मुन्ना, पंचविशीतला, अदबीनं बोलणारा. त्यानं नोंदवही पुढं केली. वर्षभराच्या पानांवर सकाळ, दुपार, संध्याकाळ एकच आकडा होता. तीस. थंडीत तीस, वादळाच्या दिवशी तीस, वीज गेली होती त्या दिवशीही तीस.

प्रेमानंदांनी विचारलं, हे वाचून लिहिलं का? मुन्ना थोडा चाचरला आणि मग खरं बोलला. आधीच्या बाईंना खरा आकडा लिहिल्यानं काढलं, असं त्याच्या कानावर होतं. "म्हणून मी जो पाहिजे तोच लिवत गेलो, साहेब."

त्याच्यावर रागवायचा अधिकार आपल्याला नाही, एवढं प्रेमानंदांना कळलं. त्या बाई कुठं राहतात ते त्यांनी विचारून घेतलं.

मनकर्णाबाईंचं घर गावात शिरताच डाव्या हाताला होतं. वय चाळीस-बेचाळीस, दहावी शिकलेल्या. नवरा विश्वंभर दुसऱ्याचा टेम्पो चालवायचा. कंपनीचा माणूस म्हटल्यावर त्यांनी खुर्ची पुसून दिली, चहा टाकला. डोळ्यांवर चष्मा होता, नवीन सवयीचा. बोलताना त्या सारखा बोटानं वर सरकवायच्या. प्रेमानंदांनी नाव सांगितलं नाही. पुण्याहून आलो, एवढंच म्हणाले. जुन्या नोंदी पाहायच्या आहेत.

बाईंनी आधी नोंदींचं नाही, दुसरंच सांगितलं. सुपरवायझरनं हिंगोलीला बोलावलं होतं, चार-पाच केंद्रांची माणसं बसली होती, आणि सगळ्यांसमोर त्यानं वाचून दाखवलं की पुण्याच्या मोठ्या साहेबांनी लिहिलंय, साखऱ्याच्या बाईला आकडा दिसत नाही. कुणीतरी हसलं. घरी येऊन त्यांनी कॅलेंडरवरच्या तारखा लांबून वाचून पाहिल्या. सगळ्या दिसत होत्या.

"पण येवढा शिकलेला माणूस उगंच कशाला लिवल, असं वाटलं मला," त्या म्हणाल्या. "मंग जाऊन डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणला, बारीकसा नंबर हाय, लावला तं लावा, न्हाई लावला तरी चालतंय. मी लावून टाकला."

प्रेमानंदांनी कप तोंडाला लावला. चहा फार गरम होता, तरी ते पीत राहिले.

तेवढ्यात शेजारच्या जनकाबाई गोळ्यांची दोन पाकिटं घेऊन आल्या. सकाळची कोणती आणि रातची कोणती, एवढंच त्यांना पाहिजे होतं. मनकर्णाबाईंनी पाकिटं हातात घेतलीच नाहीत. दुकानातच विचारून ये म्हणाल्या. जनकाबाई पाहुण्याकडं पाहून तक्रार करू लागल्या, की आधी साऱ्या गल्लीच्या गोळ्या, बाटल्या, लेकरांच्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या हीच वाचून द्यायची, आता वर्ष झालं हात लावत नाही.

"माझ्याच्यानं चुकलं तं तुझ्या जिवावर बेतंल," मनकर्णाबाई म्हणाल्या. पाहुण्याला समजावं म्हणून पुढं हळूच म्हणाल्या, "वाचलेलं खरं का खोटं, असं व्हतं मला आता."

सांगायची जागा तीच होती. प्रेमानंदांच्या तोंडात वाक्य तयार होतं, ती मेल माझी होती म्हणून. ते बाहेर आलं तेव्हा वेगळंच निघालं. त्यांनी विचारलं, वही आहे का?

वही होती. पेटीत, साडीच्या घडीखाली. बाईंनी पदरानं पुसून दिली. पावती नको म्हणाल्या.

पुसेगावला घराच्या ओट्यावर बसून, ऊन कलायच्या आत, प्रेमानंदांनी ती शंभरपानी वही पहिल्या पानापासून वाचली. कंपनीनं रोज तीनच नोंदी घ्यायला सांगितल्या होत्या. बाईंनी रोज पाच घेतल्या होत्या. अक्षर टपोरं, आकडे एकाखाली एक, आणि समासात हवा. आभाळ. वारं. ऊन फार. सकाळी तीस, दुपारी साडेतीनला अठ्ठावीस पॉइंट आठ, दिवस बुडाल्यावर पुन्हा तीस. आभाळ आलेल्या दिवशी आकडा हललेलाच नाही. आणि मग अकरा मेचं पान.

"साडेतीनला २८.७. खोक्याला हात लावून पाहिला. मावळतीची बाजू चटका देते, उगवतीची तितकी न्हाई. बारदान भिजवून वरून टाकलं. पावणेपाचला २९.९."

पुढचे तीन दिवस बारदान, आणि तिन्ही दिवस आकडा जाग्यावर. चौथ्या दिवशी लिहिलं होतं, सुपरवायझर साहेब म्हणाले कंपनीच्या मालाला हात लावायचा नाही. बारदान काढलं. २८.६.

प्रेमानंदांनी वही मिटली. त्यांना आता कोणतीही चाचणी करायची गरज नव्हती. वरच्या पट्ट्यात गडबड होऊ नये म्हणून पहिला डायोड त्यांनी लहरी आत येतात त्या तोंडाशी, एकदम चिकटून बसवला होता. त्याच्या शेजारी दुसऱ्याला जागा करायची तर सगळी मांडणी पुन्हा करावी लागली असती. म्हणून दुसरा दोन बोटं लांब, बोर्डाच्या दुसऱ्या कडेला गेला. चेंबरमध्ये सगळीकडून सारखी गरमी येते. माळावर सूर्य एकाच बाजूनं येतो. पहिला भाजत असताना दुसरा सावलीत होता, आणि सावलीतल्याचं ऐकून हिशेब होत होता. कमी दिसणारा आकडा भरून काढायला यंत्र नसती ताकद वाढवत गेलं, आणि ट्रान्समीटर जळाले. त्या पुसलेल्या वीस मिनिटांत हेच दिसत होतं.

दहावी शिकलेल्या बाईनं हे हात लावून ओळखलं होतं. लिहून ठेवलं होतं. आणि त्यांनी तिला आंधळी ठरवलं होतं.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रयोगाच्या सरांनी प्रेमानंदांची पानं न वाचताच टेबलावर टाकली होती. एवढे चांगले आकडे तुझे असूच शकत नाहीत, कुणाची उतरवलीस ते सांग, असं सगळ्या वर्गासमोर विचारलं होतं. ही गोष्ट त्यांनी जयंतीच्या कार्यक्रमांत कितीदा तरी सांगितली होती. लोक टाळ्या वाजवत. सोजराबाईंना ती तोंडपाठ होती. आता ओट्यावर बसल्या बसल्या ती गोष्ट त्यांच्या मनात आली, आणि त्यांनी ती पुरती आठवूही दिली नाही.

"काहून असा बसला, लेकरा?" सोजराबाईंनी विचारलं.

ते म्हणाले, माझ्या हातून एक चूक झालीय, माय, एका बाईचं काम गेलं त्यात. सोजराबाईंनी बाई कोण, काम कसलं, असं काही विचारलं नाही.

"मंग तिला सांगितलंस का?"

"सांगतो."

"गेलता ना आज तिथं?"

प्रेमानंद उठून हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळावर आपोआप ताकद वाढवायची सोय बंद केली आणि खोका उघडून दोन्ही डायोडांपाशी उष्णता मोजणाऱ्या तारा लावल्या. दुपारी साडेतीनला दोघांत बारा अंशांचा फरक होता. मुन्नाला सांगून बारदान भिजवून आणलं, वर टाकलं. फरक दीडावर आला आणि आकडा तीसवर. मुन्ना तोंडात बोट घालून पाहत राहिला. परत जाताना मनकर्णाबाईंचं घर लागलं. दार उघडं होतं. प्रेमानंदांनी मोटारसायकल थांबवली नाही.

पुण्यात पुढचे दोन महिने त्यांनी दुसरं काही केलं नाही. एकाच आवरणात, एकाच धातूच्या पट्टीवर बसलेले दोन डायोड घेतले, म्हणजे एक तापला की दुसरा तापणारच. त्यानं वरचा पट्टा बिघडला. मग तोंडाशी बारीक रेझिस्टरांची जाळी घातली, थोडी ताकद त्यात गेली, पण अठरा गिगाहर्ट्झपर्यंत चाल पुन्हा सरळ आली. विजेचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर, जो स्वतःच तापायचा, तो दुसऱ्या बोर्डावर नेला. चेंबर सोडून खोक्याच्या एकाच बाजूला मोठा दिवा लावून तपासणी केली. आकडा हलला नाही.

अहवालात त्यांनी लिहिलं, क्षेत्रीय नोंदींच्या आधारे दोष शोधण्यात आला. बैठकीत विभागप्रमुखांनी कौतुक केलं. वहीची दोन पानं पडद्यावर होती, अकरा मेचं त्यातलंच. मागच्या रांगेतून दीक्षा, त्यांच्याच हाताखालची इंजिनिअर, म्हणाली की या नोंदी फारच सुंदर आहेत, कुणी घेतल्यात?

"केंद्रावरच्या आहेत," प्रेमानंद म्हणाले, आणि पुढचं पान लावलं.

त्या दिवशी घरी जाताना त्यांना एवढं कळत होतं की पहिली चूक चार मिनिटांची होती, घाईतली. माळावर चहा पिताना जे झालं आणि आज जे झालं, ते घाईत झालं नव्हतं.

ते पुन्हा साखऱ्याला गेले तेव्हा सोयाबीन गुडघ्याला लागलं होतं. विश्वंभर घरीच होता, ओसरीत टेम्पोचं काहीतरी खोलून बसला होता. मनकर्णाबाई शेंगा निवडत होत्या. प्रेमानंदांनी वही परत दिली आणि उभ्यानंच सांगितलं.

"ती मेल मी लिहिली होती, ताई. तुम्हाला आकडा दिसत नाही म्हणून. पुण्याचा साहेब म्हणजे मीच. तुमचा प्रत्येक आकडा बरोबर होता. खोका माझा चुकलेला होता."

विश्वंभरचा हात थांबला. वहीची पानं बाईंनी एकदा चाळली, सगळी आहेत का पाहावं तशी.

"मागं तुमी आलते, चहा पेऊन गेलते," त्या म्हणाल्या. "माझ्याबद्दलच लिवलं व्हतं, हे तवा तुमाला ठाऊक व्हतं?"

"हो."

"मी डोळ्याचं सांगून राहिले व्हते, तवाबी?"

"हो."

प्रेमानंदांना वाटलं होतं की सांगून टाकल्यावर छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही. अंगातलं सगळं रक्त तोंडावर आल्यासारखं झालं आणि तिथंच राहिलं. बाईंनी बसा म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, नेमकं काय चुकलं होतं. प्रेमानंदांनी शेंगांच्या दोन दाण्यांवर समजावून दिलं, हा उन्हातला, हा सावलीतला. सांगून व्हायच्या आत बाईंनी दुसरा दाणा उचलून पहिल्याला चिकटवून ठेवला.

"मंग असा काहून न्हाई बसवला?"

"काम वाढलं असतं," प्रेमानंद म्हणाले. खरं उत्तर तेवढंच होतं.

बाई उठल्या आणि भिंतीपलीकडून जनकाबाईंना हाक मारली. त्या आल्यावर प्रेमानंदांना म्हणाल्या, "आता मला सांगितलं ते हिच्यासमोर सांगा. यांच्यासमोर पण. हिंगोलीला चारचौघांत वाचून दाखवलं व्हतं."

सत्तेचाळीस वर्षांचे, सातशे माणसांच्या कंपनीत मान असलेले प्रेमानंद पाईकराव तिथं ओसरीत उभे राहून बोलू लागले. पुण्याची भाषा कुठल्या कुठं गेली. "बाईचा आकडा बराबर व्हता. डोळे बराबर व्हते. चूक माझी व्हती, अन् मी ती यांच्या माथी मारली." जनकाबाईंना खोका, मेल काही समजलं नाही, पण डोळे बराबर व्हते हे समजलं. विश्वंभर खाली पाहून म्हणाला की बायकोला दवाखान्यात नेताना त्यानंच तिची मस्करी केली होती, आंधळी म्हणून. मग तो स्पॅनर घेऊन कामाला लागला.

दारापर्यंत बाई सोबत आल्या. "माफ केलं असं मी म्हणणार न्हाई," त्या म्हणाल्या. "मला तसं वाटून न्हाई राहिलं. पण सांगितलं ते बरं केलं."

पुण्यात येऊन प्रेमानंदांनी दुसरा अहवाल लिहिला. पुसलेल्या ओळी जाग्यावर घातल्या. स्वतःची मेल जशीच्या तशी जोडली. दोष प्रथम मनकर्णाबाईंनी, अकरा मे रोजी, ओल्या बारदानाच्या साह्यानं ओळखला, असं नावानिशी लिहिलं. विभागप्रमुख म्हणाले, याची गरज होती का? पुढच्या प्रकल्पाचं काम दीक्षाकडं गेलं. त्यात गैर काही नव्हतं.

दिवाळीच्या आधी सातही टॉवरांवर नवे खोके बसले. सुपरवायझरनं मनकर्णाबाईंना परत बोलावलं. त्यांनी आधी नाही सांगितलं. महिनाभरानं स्वतःच निरोप धाडला, की येते, पण माझी वही कुणी न पाहता खोटी म्हणायची नाही. मुन्ना दुसऱ्या केंद्रावर गेला. जनकाबाईंच्या गोळ्यांचं काय झालं ते प्रेमानंदांनी विचारलं नाही. विचारायचा हक्क आपल्याला आहे असं त्यांना वाटलं नाही.

जानेवारीत एका सकाळी त्यांचा फोन वाजला. मनकर्णाबाई बोलत होत्या. दुपारचा आकडा चांगला आहे म्हणाल्या, तीसच्या जाग्यावर तीस. पण गेले चार दिवस पहाटे सहाला, थंडी फार असली की, तो पॉइंट दोननं वर जाऊन राहिलाय.

प्रेमानंदांच्या जिभेवर उत्तर आलं होतं. नवा खोका उणे वीसपर्यंत तपासलेला आहे, असं होणार नाही. शब्द ओठांपर्यंत आले, आणि ते तिथं पाहून त्यांना लाज वाटली. पलीकडून बाई दोनदा हॅलो म्हणाल्या.

"आहे, ताई," ते म्हणाले. "कोणत्या कोणत्या तारखेला, ते सांगा."

बाई सांगू लागल्या. प्रेमानंदांनी कागद ओढला आणि एकेक तारीख उतरवून घेतली.